टपालातले मत आणि आरोपाचा रंग

'दलित पँथर' या नावातला पँथर कुठून आला असे विचारले, तर कोणताही कार्यकर्ता चटकन अमेरिकेचे नाव घेईल. पण हा पँथर मुळात निवडणुकीचे चिन्ह होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. अलाबामा राज्यातल्या लाउंड्स काउंटीत कृष्णवर्णीयांची वस्ती सुमारे ऐंशी टक्के होती आणि १९६५ च्या प्रारंभी त्यांच्यातला एकही जण मतदार म्हणून नोंदलेला नव्हता. त्या लोकांनी स्वतःचा पक्ष काढला. ज्याला वाचता येत नाही त्याला आपला पक्ष ओळखता यावा म्हणून मतपत्रिकेवर काळा पँथर छापला. नोव्हेंबर १९६६ मध्ये त्यांनी शेरीफ, कर-आकारणी अधिकारी, शाळामंडळ अशा स्थानिक सत्तेच्या जागा लढवल्या आणि त्या सर्व ते हरले. चिन्ह मात्र ओकलंडला गेले आणि १९७२ साली नावाच्या रूपाने मुंबईत आले. ज्या नावाखाली आपली एक पिढी रस्त्यावर उतरली, त्याचा जन्म एका काउंटीच्या मतपत्रिकेवर झालेला आहे.

हे सांगण्याचे कारण असे की, अलीकडे अभ्यासवर्गांत एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. टपालाने दिलेले मत विश्वासार्ह असते काय? २०२० च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीनंतर टपाली मतांवर जे रान उठले, त्याच्या बातम्या आपल्या मुलांनीही वाचल्या आहेत. त्या निवडणुकीवरचे डझनावारी दावे न्यायालयांत टिकले नाहीत. पण दावे कोसळले तरी संशय शिल्लक राहतो. या प्रश्नाचे उत्तर राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत शोधू नये, असे माझे मत आहे. ते स्थानिक निवडणुकीत शोधावे. जिथे शंभर-दोनशे मतांनी सत्ता फिरते, जिथे मत देणारा आणि मत मागणारा एकमेकांची घरे ओळखतात, तिथे टपाली मताची खरी परीक्षा होते. आणि तिथे आपल्याला आणखी एक गोष्ट दिसते : मताची चोरी जितकी जुनी आहे, तितकीच चोरीचा आळ कोणावर घ्यायचा ही रीतही जुनी आहे.

प्रथम आळ घेणाऱ्यांचा इतिहास पाहू.

अलाबामाच्या मध्यातून जाणाऱ्या पट्ट्याला 'ब्लॅक बेल्ट' म्हणतात. हे नाव आधी तिथल्या काळ्या मातीवरून पडले. त्या मातीत कापूस पिकवणारी माणसेही काळीच होती. गुलामगिरी संपल्यावर तिथल्या कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार मिळाला, पण जमीन मिळाली नाही. १८९२ आणि १८९४ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकांत लहान शेतकऱ्यांचा नेता रूबेन कोल्ब जमीनदारांच्या उमेदवारांविरुद्ध उभा राहिला आणि दोन्ही वेळा हरला. त्याला हरवले ब्लॅक बेल्टच्या आकड्यांनी. जिवंत, मेलेले, गाव सोडून गेलेले सारे कृष्णवर्णीय मतदार कागदावर आपल्याच मालकांच्या उमेदवाराला भरभरून मते देत होते! ज्याला मत द्यायला भीती वाटत होती त्याचेही मत मोजले जात होते. फक्त ते त्याचे नसे.

या लबाडीची लाज शेवटी त्यांनाच वाटू लागली. १९०१ साली राज्याची नवी घटना करण्यासाठी परिषद भरली. तिचा अध्यक्ष जॉन नॉक्स याने उघडपणे सांगितले की, गोऱ्यांचे वर्चस्व हवे असेल तर ते दांडगाईने किंवा लबाडीने न ठेवता कायद्याने प्रस्थापित केले पाहिजे. मग साक्षरतेची अट आली, मालमत्तेची अट आली, मतदानकर आला. १९०० साली एक लाख ऐंशी हजारांच्या घरात कृष्णवर्णीय पुरुष मतदानास पात्र होते. १९०३ मध्ये नोंदणीत तीन हजारही उरले नाहीत. आणि जी घटना त्यांचा मताधिकार काढून घेणार होती, तिच्या मंजुरीसाठी याच ब्लॅक बेल्टमधून प्रचंड बहुमत दाखवण्यात आले. आपले हात कलम करावेत म्हणून काळ्या माणसाने मत दिले, असे सरकारी कागद सांगतो. निवडणुकीच्या शुद्धतेची भाषा त्या राज्यात अशी जन्माला आली.

यात एक बारीक गोष्ट आहे, तिच्याकडे शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे. १८९३ साली अलाबामाने सेअर कायदा करून सरकारी गुप्त मतपत्रिका आणली. गुप्त मतदान ही जगातली एक मोठी लोकशाही सुधारणा समजली जाते आणि ती तशी आहेही. इंग्लंडमध्ये १८७२ साली ती आली तेव्हा कुळाला जमीनदारासमोर उघडपणे मत सांगण्याच्या जाचातून सुटका मिळाली. परंतु अलाबामात हीच मतपत्रिका अशी रचली गेली आणि मदतीवर अशी बंधने घातली गेली की, निरक्षर माणसाला ती वाचताच येऊ नये. सुधारणा एकच, एका ठिकाणी तिने गरिबाला आडोसा दिला, दुसऱ्या ठिकाणी त्याला दाराबाहेर ठेवले. आपल्या देशात १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत चिन्हे आणली गेली, तेव्हा निरक्षर माणूस हा मतदार आहे हे गृहीत धरून व्यवस्था उभी राहिली. व्यवस्थेमागे मतदाराविषयी कोणते गृहीत आहे, हे पाहिल्याशिवाय तिच्या विश्वासार्हतेबद्दल काहीच बोलता येत नाही.

आता टपाली मताकडे येऊ. याच ब्लॅक बेल्टमध्ये पेरी काउंटी आहे, आणि मॅरियन हे तिचे मुख्य गाव. १८ फेब्रुवारी १९६५ च्या रात्री मॅरियनमध्ये मताधिकाराच्या मोर्चावर पोलिसांनी हल्ला केला. जिमी ली जॅक्सन या तरुणाला राज्य पोलिसाची गोळी लागली आणि आठ दिवसांनी तो मरण पावला. त्याच्या मृत्यूतून सेल्मा ते माँटगोमेरी हा मोर्चा निघाला आणि त्या मोर्चातून ६ ऑगस्ट १९६५ चा मताधिकार कायदा. मॅरियनच्या लढ्याचा एक नेता अल्बर्ट टर्नर हा होता. धंद्याने गवंडी, शिक्षणाने पदवीधर. तरीही नोंदणीच्या परीक्षेत त्याला नापास केले गेले होते. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेचे अलाबामातले काम तो पाहत असे.

कायदा झाला, नावे यादीत आली. पण सत्ता आली नाही. बहुसंख्य असूनही काउंटीच्या कचेरीत गोरेच बसत. याचे कारण समजणे आपल्याला अवघड जाऊ नये. पुष्कळ लोक कामासाठी दूर जात, म्हातारी माणसे खेड्यात विखुरलेली, मतदानकेंद्र लांब, आणि केंद्रावर उभी असलेली माणसे तीच, ज्यांच्याकडे उधारी असते. उलट गाव सोडून गेलेले गोरे लोक गैरहजर मतदाराची मतपत्रिका मागवून वर्षानुवर्षे मत देत असत, अशी कृष्णवर्णीयांची तक्रार होती. टर्नर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तेच हत्यार उचलले. घरोघर जायचे, मतपत्रिकेचा अर्ज भरून द्यायचा, मतपत्रिका आली की ती समजावून सांगायची, पाकीट बंद करून टपालात टाकायचे. हळूहळू निकाल बदलू लागले आणि निकाल बदलताच टपाली मत धोक्याचे आहे असा साक्षात्कार झाला.

शेजारच्या भागात त्याची चुणूक आधीच दिसली होती. पिकन्स काउंटीत ज्युलिया वाइल्डर आणि मॅगी बोझमन या दोन कृष्णवर्णीय कार्यकर्त्या स्त्रियांनी १९७८ च्या निवडणुकीत वृद्ध, निरक्षर मतदारांना टपाली मतपत्रिकांसाठी मदत केली. १९७९ साली सर्व गोऱ्या ज्युरींनी त्यांना फसवणुकीबद्दल दोषी ठरवले. एकीला पाच वर्षे, दुसरीला चार वर्षे शिक्षा झाली. १९८२ मध्ये त्यांना तुरुंगात जावे लागले तेव्हा वाइल्डर सत्तरीला टेकल्या होत्या. १९८४ साली संघराज्याच्या न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली.

त्याच वर्षी मॅरियनची पाळी आली. सप्टेंबर १९८४ च्या प्राथमिक निवडणुकीच्या आदल्या रात्री एफबीआयचे लोक मॅरियनच्या टपाल कचेरीवर पाळत ठेवून बसले. अल्बर्ट टर्नर, त्याची पत्नी एव्हलिन आणि सहकारी स्पेन्सर होग यांनी शेकडो पाकिटे टपालात टाकली. त्या पाकिटांवर क्रमांक घातले गेले आणि पुढे ती उघडून कोणत्या मतपत्रिकेत खाडाखोड आहे ते पाहण्यात आले. म्हणजे कोणी कोणाला मत दिले, हे सरकारने पाहिले. मग वृद्ध मतदारांच्या दारात तपास अधिकारी उभे राहिले. त्यांच्यापैकी काहींना ग्रँड ज्युरीपुढे साक्ष देण्यासाठी बसमध्ये बसवून, पोलिसांच्या बंदोबस्तात, सुमारे अडीचशे किलोमीटर दूर मोबील शहरी नेण्यात आले. ज्यांनी १९६५ मध्ये आपल्या गावात पोलिसांची काठी पाहिली होती, त्या माणसांना वीस वर्षांनी मत दिल्याबद्दल पोलिसांच्या पहाऱ्यात प्रवास घडला! एखाद्या गावाला मतदानापासून परावृत्त करायला याहून अधिक काय लागते?

जानेवारी १९८५ मध्ये तिघांवर एकोणतीस कलमांचे आरोपपत्र ठेवले गेले. टपालाद्वारे फसवणूक, कट, एकाहून अधिक वेळा मतदान असे आरोप होते. सरकारी वकील होते जेफ सेशन्स. तिघांचे म्हणणे असे की, मतपत्रिकांवरच्या खुणा बदलल्या त्या मतदारांच्या सांगण्यावरून, त्यांच्या संमतीने. बचावाच्या बाजूला डेव्हाल पॅट्रिक, लॅनी ग्विनियर, हँक सँडर्स, जे. एल. चेस्टनट असे वकील होते. खटला सेल्माला चालला. निम्म्याहून अधिक आरोप न्यायाधीशांनीच काढून टाकले आणि ५ जुलै १९८५ रोजी ज्युरींनी उरलेल्या सर्व आरोपांतून तिघांची निर्दोष सुटका केली. सेशन्स यांची न्यायाधीशपदासाठीची नेमणूक १९८६ मध्ये सिनेटच्या समितीत अडली; तेच पुढे सिनेटर झाले आणि २०१७ मध्ये देशाचे ॲटर्नी जनरल.

येथे थांबून टाळ्या वाजवणे सोपे आहे. पण चळवळीच्या नियतकालिकात लिहिताना अर्धे सत्य सांगून चालत नाही. पहिली गोष्ट अशी की, मॅरियनमध्ये तक्रार करणाऱ्यांत टर्नर यांच्या विरोधी गटातले कृष्णवर्णीय उमेदवारही होते. सरकारी पक्षाचा बचाव तोच होता. राखीव जागेवर कोणाचा माणूस उभा राहतो आणि त्याच्या मागे वाड्यावरचे कोण असते, हे पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही. तरी आपल्यातल्याच माणसाने केलेली तक्रार ही प्रत्येक वेळी फितुरीच असते, असेही समजू नये. कारण दुसरी गोष्ट अशी की, त्याच ब्लॅक बेल्टमधल्या ग्रीन काउंटीत १९९४ च्या निवडणुकीत टपाली मतांची खरोखरच फसवणूक झाली. दोन कृष्णवर्णीय व्यक्तींना न्यायालयाने दोषी ठरवले आणि निवडून निवडून आमच्यावरच खटला भरला हा त्यांचा बचाव अपील न्यायालयाने २००० साली फेटाळला. दुसऱ्याच्या नावाने मतपत्रिका भरणारा हात काळा असला, म्हणून ज्याचे मत गेले त्या म्हातारीला ते परत मिळत नाही. ती म्हातारीही काळीच असते.

टपाली मतात फसवणूक होते आणि ती प्रामुख्याने स्थानिक निवडणुकीत होते, हे मान्य केले पाहिजे. मायामी शहराच्या महापौरपदाची निवडणूक नोव्हेंबर १९९७ मध्ये झाली. केंद्रांवरच्या मतांत जो कॅरोलो पुढे होते. टपाली मते मोजल्यावर त्यांचे स्पष्ट बहुमत गेले आणि फेरलढतीत झेवियर सुआरेझ निवडून आले. तपासात टपाली मतांचा बाजार उघड झाला. अशी मते गोळा करणाऱ्यांना तिकडे 'बोलेतेरो' म्हणतात. मार्च १९९८ मध्ये अपील न्यायालयाने जवळपास पाच हजार टपाली मते सरसकट बाद केली आणि कॅरोलो यांना महापौर ठरवले. न्यायालयाचे म्हणणे असे की, मत देणे हा हक्क आहे, पण टपालाने मत देणे ही सवलत आहे. या निकालात चोरांबरोबर अंथरुणाला खिळलेला प्रामाणिक मतदारही बाद झाला. दलालाने केलेल्या चोरीची भरपाई मतदाराकडून वसूल केली गेली.

इंग्लंडने २००० साली कारण न विचारता कोणालाही टपाली मतपत्रिका देण्याचा कायदा केला. जून २००४ मध्ये बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेच्या निवडणुकीत ॲस्टन आणि बोर्ड्सली ग्रीन या दोन वॉर्डांत काय झाले, ते न्यायाधीश रिचर्ड मॉरी यांच्या ४ एप्रिल २००५ च्या निकालात वाचावे. मतदाराच्या नावाने परस्पर अर्ज, दुसऱ्याच पत्त्यावर वळवलेली पाकिटे, वाटेत गायब झालेली पाकिटे, खाडाखोड करून बदललेली मते. एका गोदामात रात्रीच्या वेळी शेकडो मतपत्रिका घेऊन बसलेली माणसे पोलिसांना सापडली होती. पोलिसांनी या तक्रारींच्या तपासाला दिलेले नाव काय, तर 'कुरकुर' या अर्थाचा एक इंग्रजी शब्द! मजूर पक्षाच्या सहाही जणांची निवड रद्द झाली. हे वॉर्ड दक्षिण आशियातून गेलेल्या कष्टकरी लोकांचे. तिथे बिरादरी चालते, घरातला कर्ता पुरुष घरातली सगळी पाकिटे एका टेबलावर घेऊन बसू शकतो. समुद्र ओलांडून गेलेल्या माणसाबरोबर त्याची बिरादरीही गेली आणि टपाली मतपत्रिकेने तिला घरबसल्या अधिकार दिला.

माझ्या मते प्रश्नाचा गाभा इथे आहे. मतदानकेंद्रावर पुठ्ठ्याचा एक आडोसा असतो. त्या आडोशामागे स्त्री नवऱ्यापासून, सालदार मालकापासून, महारवाड्यातला तरुण गावकीपासून अर्ध्या मिनिटापुरता सुटलेला असतो. टपाली मतात हा आडोसा नाही. तो घराला उभा करावा लागतो, आणि आपल्या देशात घर व गाव दोन्हीही जातीच्या मालकीचे आहेत. मी शिक्षक आहे. निवडणुकीच्या कामावर असताना टपाली मतपत्रिकेने मी मत दिले आहे. घोषणापत्र, त्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही, लहान पाकीट, मोठे पाकीट हा सारा सोपस्कार मला ठाऊक आहे. एका तालुक्याच्या गावी प्रशिक्षणाच्या वेळी एक पुढारी सरळ येऊन म्हणाला, "गुरुजी, कशाला त्रास घेता, पाकिटे माझ्याकडे द्या, मी सगळ्यांची पोचवतो." आम्ही काही जणांनी दिली नाहीत. पण आम्ही पगारी, संघटित, शिकलेले लोक होतो. ज्याची भाकरी त्या पुढाऱ्याच्या शेतावर अवलंबून आहे, त्याने काय करावे?

म्हणून टपाल दोषी की निर्दोष, असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. ओरेगॉन राज्याने १९८१ साली स्थानिक निवडणुकांपासूनच टपाली मतदानाचा प्रयोग सुरू केला आणि १९९८ मध्ये लोकांनी कौल देऊन तिथले सारे मतदान टपाली केले. पाकिटावरची सही नोंदणीतल्या सहीशी ताडून पाहतात आणि ही व्यवस्था तिथे टिकली आहे. इंग्लंडनेही २००६ च्या कायद्याने टपाली मतदाराची सही आणि जन्मतारीख ताडून पाहण्याची पद्धत आणली. आपल्याकडे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील आणि चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून मत देता आले. तिथे निवडणुकीचे पथकच मतपत्रिका घेऊन दारात गेले आणि चित्रीकरण झाले. या साऱ्यांतून एक साधा नियम निघतो. मतपत्रिका मतदाराच्या हातातून निघून पेटीत पडेपर्यंत मध्ये किती हात आहेत ते मोजा, आणि ते हात कोणाचे आहेत ते पहा. मधला हात जितका मतदाराच्या पोटावर सत्ता गाजवणारा, तितके ते मत अविश्वसनीय.

या नियमाला एक जोड हवी. तपासणारा हातही मोजला पाहिजे. १५ जून १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी निवडणुकांची देखरेख प्रांतांच्या हातून काढून एका स्वतंत्र केंद्रीय आयोगाकडे देण्याची दुरुस्ती मांडली. काही प्रांतांत वंशाने, संस्कृतीने वा भाषेने वेगळ्या असलेल्या लोकांची नावे मतदारयादीबाहेर ठेवली जात आहेत, हे कारण त्यांनी त्या वेळी दिले होते. निवडणुकीचा गैरप्रकार म्हणजे केवळ खोटे मत घालणे, एवढा कोता अर्थ त्यांनी घेतला नव्हता. खरे मत बाहेर ठेवणे हाही त्यांच्या दृष्टीने गैरप्रकारच होता. १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून ज्यांनी कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची प्रत मागवली, त्या माणसाला हा दुहेरी धोका कळत होता यात आश्चर्य नाही.

आपल्या गावांतही हा दुहेरी धोका आहे. जानेवारी २०२१ मध्ये उमराणे आणि खोंडामळी या ग्रामपंचायतींत पदांचे लिलाव झाल्याचे उघड झाल्यावर राज्य निवडणूक आयोगाने तिथल्या निवडणुका रद्द केल्या. लिलावात टपाल नव्हते, पेटी नव्हती, यंत्रही नव्हते. मतदारच मधून काढून टाकला होता, आणि त्याला गावाची एकजूट असे गोंडस नाव होते. उद्या स्थानिक संस्थांसाठी टपाली मतदान वाढवण्याचा विचार पुढे आला, तर आपण त्याला आंधळा विरोध करू नये. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे, वीटभट्टीवरची माणसे, सुरतेत वा मुंबईत पोट भरणारा मजूर यांची मते दर निवडणुकीत वाया जातात. ती वाचवण्याचा हा मार्ग होऊ शकतो. पण ती पाकिटे मुकादमाच्या हाती जाणार असतील, तर ती मते वाया गेलेली बरी. तोडणीच्या उचलीबरोबर मुकादम मतेही उचलेल.

आणि आपल्या कार्यकर्त्यांना मी एवढेच सांगेन. निरक्षर माणसाला मदत करणे हा गुन्हा नाही. वाइल्डर, बोझमन आणि टर्नर यांनी त्यासाठी कोर्टाची पायरी चढली. पण मदत कुठे संपते आणि ताबा कुठे सुरू होतो, ही रेषा आपण स्वतः आखून घेतली पाहिजे. खूण त्याने करायची, पाकीट त्याने बंद करायचे, साक्षीदार शक्य तोवर त्याच्या विश्वासातला. पाकिटे कधी, कोणी आणि कुठे टाकली याची वही आपण ठेवायची. ही शिस्त पाळली नाही, तर आळ घेणाऱ्याला पुरावा आपणच पुरवू. ती पाळली, तरीही आळ येईलच, कारण आळ मताच्या पद्धतीवर नसतो, निकालावर असतो. त्या दिवशी न्यायालयात उभे राहण्यासाठी आपल्याजवळ ती वही असली पाहिजे.